उभी सरासरी, आडवा पाऊस

मनोरला कुणी येत नाही. मनोरवरून सगळे जातात. मुंबईहून अहमदाबादला निघालेले जातात, पालघरहून वाड्याला निघालेले जातात, विक्रमगड-जव्हारचे जातात. आणि नक्की कुठे जायचंय हे ज्यांना ठाऊक नसतं, ते मस्तान नाक्यावर वडापाव खाता खाता रस्ता विचारतात. त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला आकडा फेकायची जुनी सवय. 'विरार फाटा किती लांब?' असं विचारा. 'पाऊण तास' हे उत्तर ठरलेलं. 'आणि ट्रॅफिक लागलं तर?' 'तरी पाऊण तासच. फक्त पोचायला दोन तास लागतात.'

हा पाऊण तास म्हणजे सरासरी. तो प्रत्यक्षात कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. कुणी पहाटे निघून सुसाट जातो, कुणी ढेकाळ्याजवळ उलटलेल्या कंटेनरच्या मागे अडकून संध्याकाळचा डबा दुपारीच संपवतो. पण पाऊण तास मात्र नाक्यावर वर्षानुवर्षं उभा आहे.

माझा भाचा पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पावसाळ्यात घरून काम करायची मुभा मिळाली की तो लॅपटॉप घेऊन इथे येतो आणि नेटला रेंज यावी म्हणून गच्चीच्या जिन्यात बसतो. तो 'डेटावर' काम करतो, एवढंच घरात माहीत होतं. ते कळल्यावर त्याच्या आजीने पहिलं काम काय केलं, तर आपल्या मोबाइलचं रिचार्ज त्याच्याकडून मारून घेतलं. मग एकदा नाक्यावर तो बोलून गेला की मी कोड लिहून ॲव्हरेज काढतो. मनोर-पालघर फेऱ्या मारणारा एक इकोवाला शेजारीच उभा होता. त्याने मोठ्या आदराने विचारलं, 'सीएनजीवर काढता की पेट्रोलवर?'

बातमी पसरायला वेळ लागला नाही. बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांपासून बचत गटाच्या ताईंपर्यंत प्रत्येकाजवळ एक तरी तक्ता असतोच. आणि प्रत्येक तक्त्याच्या तळाशी 'सरासरी' असं लिहून पुढची घरं कुणा जाणत्यासाठी मोकळी सोडलेली असतात. तो जाणता आता जिन्यात बसलेला सापडला.

खरं तर काम एका ओळीचं. पायथन नावाची भाषा, पांडाज नावाचं तिचं अवजार. तक्ता आत घ्यायचा, त्याला 'डीएफ' म्हणायचं, पुढे टिंब, मग 'मीन', मग रिकामा कंस. एंटर मारला की प्रत्येक कॉलमची सरासरी हजर. अजगराने पांडा गिळला की सरासरी बाहेर पडते, असं आजीने स्वतःपुरतं बसवून घेतलं आणि ती निवडत असलेल्या भाजीकडे वळली. एकच भानगड आहे: सरासरी उभी हवी की आडवी, ते सांगावं लागतं. कोडात 'ॲक्सिस शून्य' म्हटलं की उभ्या कॉलमची मिळते, 'ॲक्सिस एक' म्हटलं की आडव्या ओळीची. शून्य हा ओळींचा अक्ष. त्या अक्षावरून ओळी मिटवत गेलं की कॉलमचा एकेक आकडा उरतो, असा त्यामागचा हिशेब. तो ऐकताना पटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटा होतो. मोठमोठ्या पगाराची माणसं हे लिहिण्याआधी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकवतात, हे मी जिन्याच्या खालच्या पायरीवरून पाहिलंय.

'उभी-आडवी असे दोन चांगले शब्द असताना शून्य आणि एक कशाला?' हा प्रश्न गुरुजींचा. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आता पूर्णवेळ पावसाचे अभ्यासक. व्हॉट्सॲपवर रोज फिरणारा मंडळनिहाय पावसाचा तक्ता ते नेमाने वहीत उतरवून ठेवतात. 'बाळ, एवढी तालुक्याची सरासरी काढून दे,' म्हणून ते आले आणि जिन्यातली खरी गंमत सुरू झाली.

ज्यांचं आयुष्य शहरात गेलं त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पाऊस गावाला पडतो, पण कागदावर तो महसूल मंडळाला पडतो. सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजायचा, मंडळाच्या नावापुढे लिहायचा, मंडळांची सरासरी म्हणजे तालुक्याचा पाऊस, तालुक्यांची म्हणजे जिल्ह्याचा. अलीकडे महावेधची स्वयंचलित केंद्रंही आली, पण कॉलम तोच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. मग पंचनामे, मग पीक ३३ टक्के गेलं का याची मोजणी, मग मदत. म्हणजे ६४ मिलिमीटरला भात वाहून गेलं तर ते आपलं नशीब, आणि ६६ला गेलं तर ते शासनाच्या निकषात बसलं.

आता गुरुजींचा तक्ता. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी गोल करून घेतलेत, रीत मात्र अस्सल. मनोर १३०, बोईसर ६०, तारापूर २०, सफाळे 'निरंक'. खाली 'एकूण २१०'.

भाच्याने ओळ लिहिली, एंटर मारला. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'कुड नॉट कन्व्हर्ट स्ट्रिंग टू फ्लोट : निरंक.'

'काय म्हणतंय?' गुरुजींनी विचारलं.

'निरंक म्हणजे काय ते कळत नाही म्हणतंय.'

'निरंक कळत नाही?' गुरुजींचा चेहरा पडला. 'मग हे सरकारी कामाला कसं लागणार?'

पण यंत्राचा प्रश्न रास्त होता. निरंक म्हणजे पाऊस निरंक की माहिती निरंक? मनोरला १३० पडत असताना सफाळ्याला टिपूसही नाही, की तिथला आकडाच त्या दिवशी आला नाही? कागदावर दोन्ही एकसारखंच दिसतं. सरकारी मराठीतला हा सर्वांत सोयीचा शब्द आहे. तक्रारी निरंक, उपाययोजना निरंक, अभिप्राय निरंक. ज्याने लिहिला त्याचं काम झालं. ज्याला भागाकार करायचा त्याचं अडलं.

सफाळ्याचं घर रिकामं धरलं तर २१० भागिले तीन, म्हणजे ७०. तालुक्याला अतिवृष्टी. शून्य धरलं तर भागिले चार, साडेबावन्न. तालुका ठणठणीत. पाऊस तोच, नदीचं पाणी तेवढंच, एका घरातल्या एका शब्दावर तालुका बुडतो किंवा तरतो. पांडाज रिकामं घर वगळून भागतं, न विचारता. त्याच्याच घराण्यातलं नमपाय नावाचं अवजार मात्र एक घर रिकामं दिसलं की 'आकडाच नाही' असं सांगून अंग काढून घेतं. मला यातला दुसरा स्वभाव जास्त प्रामाणिक वाटतो, पण त्याला कुणी कामाला ठेवत नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. तळाची 'एकूण २१०' ही ओळसुद्धा कोडाच्या दृष्टीने एक मंडळच. ती वगळायची राहिली की १३०, ६०, २० आणि २१० यांची सरासरी १०५ होते. 'एकूण' नावाचं गाव पालघर तालुक्यात कुठेही नाही, पण सगळ्यात जास्त पाऊस कायम तिथेच पडतो. काही ठिकाणी न मिळालेल्या आकड्याच्या जागी उणे ९९९ लिहायची पद्धत आहे. आपल्या हवामान खात्याच्या पावसाच्या फायलींतही ती आहे. माणसाला ते बघताक्षणी कळतं. कोडाला आधी सांगून ठेवलं नाही, तर सफाळ्याचे उणे ९९९ धरून तालुक्याची सरासरी येते उणे १९७.२५. म्हणजे पाऊस पडला तर नाहीच, उलट वैतरणेतलं होतं ते पाणी ढगात परत गेलं.

ऑक नावाचं १९७०च्या दशकातलं एक जुनं, चिवट अवजार आहे. त्याला नुसतं 'बेरीज करून ओळींनी भाग' म्हटलं की ते शीर्षकाची ओळही मोजतं. 'पाऊस' हा शब्द त्याच्या लेखी शून्य मिलिमीटर. कोकणाच्या दारातल्या माणसाला हे सांगून बघा.

आणि सगळ्यात मोठा पाऊस पडतो तो आकडे अक्षरं होऊन आले तर. आकड्यामागे 'मिमी' चिकटलेलं असलं, किंवा आकडे देवनागरीत असले, की तक्ता आत घेताना अख्खा कॉलम मजकूर म्हणून नोंदला जातो. (पायथनला तसे देवनागरी आकडे येतात हो, एकेकटा '१३०' समोर ठेवला तर त्याचा बरोबर १३० करून देतो. तक्ता वाचणारा दुसरा असतो, त्याचं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं.) पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांत मजकूर झालेल्या नुसत्या आकड्यांची सरासरी मागितली, तर ते शब्द एकापुढे एक जोडायचे, जोडून झालेल्याला आकडा समजायचे आणि भागायचे. १३०, ६० आणि २० जोडले की १३०६०२०. भागिले तीन, बरोबर ४,३५,३४०. एवढे मिलिमीटर म्हणजे ४३५ मीटर पाऊस, एका दिवसात. अशेरीगडाचा माथा तेवढा वर राहील. नव्या आवृत्त्यांत हे बंद झालं, आता चूक दाखवून काम थांबतं. गुरुजींना जुनी आवृत्ती जास्त आवडली.

'पण एवढा घोळ असेल तर एक्सेल बरं की,' असं म्हणून शेजारच्या शाळेच्या बाईंनी आपली फाइल उघडली. त्यांच्या कॉलमात गुण होते आणि मधूनमधून 'गै.ह.'. एक्सेलमध्ये 'ॲव्हरेज' हे सूत्र अक्षरं असलेली घरं सोडून देतं; 'ॲव्हरेजए' हे त्याचं भावंड अक्षरांना शून्य धरतं. पहिल्याने वर्ग हुशार निघतो, दुसऱ्याने ढ. वर्गाची अब्रू एका 'ए'वर टांगलेली, आणि परीक्षेच्या दिवशी कच्ची मुलं घरीच राहिली तर पहिल्या सूत्राने वर्ग आणखी हुशार. बाई हसल्या, मग थोडं थांबून म्हणाल्या, 'आमच्याकडे दिवाळीनंतर 'गै.ह.' वाढतात, सर. आईबापांबरोबर मुलं वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे. सरासरी उपस्थिती काढली की जूनची हजेरी फेब्रुवारीला झाकून टाकते.' शालेय पोषण आहाराचा हिशेब पहिली ते पाचवीला माणशी शंभर ग्रॅम तांदळाचा. तो भात शाळेत शिजतो आणि मूल दुसऱ्या तालुक्यात विटा उचलतं. त्या कॉलमवर जिन्यात कुणी विनोद केला नाही.

सरासरी ही चीज अशी की ती असते, पण कुठेच नसते. आमच्या शेजारचंच उदाहरण घ्या. तारापूरच्या अणुवीज केंद्रात चार संच. पहिले दोन २८ ऑक्टोबर १९६९ला व्यापारी उत्पादनात आले. तेव्हा ते २१० मेगावॉटचे होते, पुढे १६०चे केले. तिसरा आणि चौथा ५४०चे. एकूण १४००, भागिले चार, सरासरी ३५०. साडेतीनशे मेगावॉटचा संच बघायला म्हणून कुणी तारापूरला गेला तर त्याला फाटकावरूनच परत यावं लागेल, कारण तसा एकही नाही. त्यात पहिले दोन २०२० साली लांबच्या दुरुस्तीसाठी बंद झाले. आता त्या वर्षांच्या वीजनिर्मितीच्या कॉलमात शून्य लिहायचं की घर रिकामं ठेवायचं? भाच्याने यावर तोंड उघडायच्या आत गुरुजींनी 'निरंक' म्हणून मोकळं करून टाकलं.

मुंबईकरांना तर हे सांगायलाच नको. २६ जुलै २००५च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. सरासरी ५०८ आणि वर थोडं. तेवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेही पडला नाही. कुलाब्याचा माणूस छत्री झटकत घरी गेला, कलिन्याचा म्हशींबरोबर पोहत. सरासरीच्या हिशेबाने दोघेही छातीभर पाण्यात होते.

मग ही विद्या काढली तरी कुणी, असा प्रश्न गुरुजींना पडला नाही, कारण उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. भास्कराचार्य. शके १०३६चा जन्म; चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या नातवाच्या मठाची नोंद सापडते, म्हणून आपल्याकडे त्यांना खानदेशचे मानणारे पुष्कळ. लीलावतीत त्यांनी सरासरी सांगितली आहे, आणि ती सांगितली आहे खड्ड्यांच्या प्रकरणात. मी हे बनवून सांगत नाही. खातव्यवहार असं त्या प्रकरणाचं नावच आहे. खड्डा वेडावाकडा असेल तर काय करायचं? तीन ठिकाणी मापं घ्या. लांबी १०, ११ आणि १२ हात. रुंदी ६, ५ आणि ७. खोली २, ४ आणि ३. तीन ओळी, तीन कॉलम. प्रत्येक कॉलमची सरासरी काढा: ११, ६, ३. तिन्हींचा गुणाकार १९८ घनहात, हा खड्डा. भाच्याने तेच आकडे लॅपटॉपात घातले, ॲक्सिस शून्य म्हटलं, तेच ११, ६, ३ आले. साडेआठशेहून जास्त वर्षं आणि एक लॅपटॉप खर्ची घालून उत्तरात तसूभर फरक नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८चा आराखडाही नसताना बाराव्या शतकात या माणसाने मनोरवरून जाणाऱ्या प्रत्येकाची सोय करून ठेवली, असं गुरुजींचं ठाम मत झालं.

माझं त्यावर थोडं वेगळं म्हणणं आहे. खड्डा भरायचा तर सरासरी उत्तम. मुरूम किती लागेल, ट्रॅक्टरच्या किती खेपा, खडीचं बिल किती, हे सगळं १९८वरून ठरतं आणि बरोबर ठरतं. पण रात्री पावसात मोटरसायकलवरून घरी जाणारा माणूस सरासरी तीन हात खोल खड्ड्यात पडत नाही. तो चार हातवाल्या कोपऱ्यातच पडतो. सरासरी भरणाऱ्याची असते, पडणाऱ्याची नसते. तालुक्याला ७० मिलिमीटर हा आकडा मंत्रालयातल्या टेबलावर कामाचा आहे. धान्य, पाणी, धरण, नियोजन, सगळ्याला लागतो. बोईसर मंडळातल्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य, कारण त्याच्या मंडळात ६० आहेत आणि निकष ६५चा. उद्या तो तलाठ्याकडे गेला आणि म्हणाला, 'भाऊसाहेब, तालुक्याला तर अतिवृष्टी झालीय', तर भाऊसाहेब काय म्हणतील ते त्यालाही माहीत आहे.

वर्तमानपत्रांना मात्र सरासरीचं भारी प्रेम. जुलै लागला की 'पावसाने सरासरी ओलांडली' अशी बातमी येते, जणू सरासरी म्हणजे वाडा रस्त्यावरची मोरी आहे. देशाची मोसमी पावसाची सरासरी ८७ सेंटिमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची. एवढा पाऊस आमच्याकडचा एखादा दमदार जुलै एकटा पाडून जातो. त्या पन्नासातली बहुतेक वर्षं पालघर नावाचा जिल्हाच नव्हता. १ ऑगस्ट २०१४ला तो झाला, त्याआधीच्या तक्त्यांत आम्ही ठाण्याच्या पोटात आहोत. आमचा पाऊस तेव्हा ठाणे-कल्याणच्या सरासरीत गेला, तो कुणी परत दिलेला नाही.

आणि जिल्ह्याच्या सरासरीची गोष्ट तर त्याहून निराळी. आठ तालुक्यांच्या साक्षरतेची टक्केवारी घ्यायची, बेरीज करायची, आठाने भागायचं, असं करणारे आहेत. २०११च्या जनगणनेत वसई तालुक्यात १३ लाखांवर माणसं, मोखाड्यात एक लाखही नाहीत. दोघांनाही एकेक घर, दोघांचं वजन सारखं. या भागाकारात मोखाड्याचा एक माणूस वसईच्या पंधराहून जास्त माणसांना भारी पडतो. मोखाड्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्याही कागदावर मिळालेला नाही, म्हणून ही चूक मला मनातून आवडते. पण ती चूकच. प्रत्येक टक्केवारीला त्या तालुक्याच्या लोकसंख्येने गुणायचं, बेरजेला एकूण लोकसंख्येने भागायचं, मग बरोबर येतं. कोडात त्याला आणखी एक ओळ लागते. ती लिहायचा कंटाळा हे महाराष्ट्रातल्या निम्म्या टक्केवाऱ्यांचं मूळ असावं. यातलं 'निम्म्या' हे मी अर्थातच अंदाजाने म्हणतोय, सरासरी काढलेली नाही.

आता जिन्यातून एक विनंती, तक्ते भरणाऱ्या सगळ्या मंडळींना. मोजमाप घेतलं नसेल तर घर रिकामं ठेवा. पाऊस पडला नसेल तर शून्य लिहा. निरंक कुठेच लिहू नका. 'मिमी' शीर्षकात लिहा, आकड्याला चिकटवू नका, आणि 'एकूण'ची ओळ तक्त्याच्या बाहेर ठेवा. वर्तमानपत्रवाल्यांनी तालुक्याच्या सरासरीखाली मंडळांचे आकडे छापावेत. जागा कमी पडत असेल तर सरासरी गाळा.